कुंडी भरण्याआधी

नवीन वर्ष लागलं की भाजीच्या बियाण्यांची पाकिटं घरात येतात. पालक, टोमॅटो, दुधी, कोथिंबीर, भेंडी असं सगळं एकाच दिवशी आणलं जातं आणि येत्या रविवारी पेरूनही होतं. एप्रिल उजाडेपर्यंत त्यातलं निम्मं वाळतं. मग ‘आमच्या हाताला गुण नाही’ म्हणत माणसं रिकाम्या कुंड्या जिन्याखाली सरकवतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोष हाताचा नसतोच. ऐकीव ठोकताळे चुकलेले असतात.

सर्वांत महाग पडणारा ठोकताळा उन्हाचा. ‘आमच्या बाल्कनीत भरपूर ऊन येतं’ हे बहुतेकांनी डिसेंबर-जानेवारीत पाहून ठरवलेलं असतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची बाल्कनी दिवसभर उन्हात असते. पण मेच्या मध्याला पुण्या-मुंबईत सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. शाळेतली मुलं काठी रोवून ‘शून्य सावली दिवस’ बघतात तो हाच. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे जानेवारीत न्हाऊन निघणाऱ्या बाल्कनीवर वरच्या मजल्याचं छत असेल, तर मे-जूनमध्ये तिथं थेट ऊन जवळजवळ येत नाही. आणि हिवाळाभर अंधारी राहिलेली उत्तरेची खिडकी त्याच वेळी उजळते. माझ्या दक्षिणेच्या बाल्कनीत मी दोन उन्हाळे टोमॅटो लावून हट्टानं खत घालत बसले होते. झाडं उंच गेली, बारीक झाली, फळ एक नाही. आता तिथं टोमॅटो, वांगी, मिरची ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि उन्हाळ्यात पुदिना नि अळू. फळ खायचं तर सहा तास थेट ऊन हवं, पान खायचं तर तीन-चार तासांवर भागतं.

तेव्हा वर्षाचं नियोजन बियाण्याच्या दुकानात सुरू करू नका. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशोब लिहितो तसं महिन्यातून एकदा लिहा: कठड्यावर ऊन किती वाजता आलं, किती वाजता गेलं.

उघड्या गच्चीवर उन्हाची चिंता नाही, तिथं प्रश्न वजनाचा. ‘थोडी मातीच तर आहे’ असं म्हणतात, पण ओल्या मातीचा एक घनमीटर दीड टनाहून जड भरतो. एक चौरस मीटर जागेत फूटभर जाडीचा थर दिला तर साडेचारशे किलोच्या पुढे गेलात. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरतात. म्हणून सलग वाफे नकोत. सुट्या कुंड्या किंवा पिशव्या भिंतीलगत आणि तुळयांच्या रेषेत ठेवा. मातीत कोकोपीट, शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत भरपूर मिसळा, आणि शंका असेल तर आधी इंजिनिअरला विचारा.

कुंडी भरताना तळाशी विटांचे तुकडे, खडी, खापऱ्या यांचा जाड थर घालायची पद्धत घरोघरी आहे. निचरा चांगला होतो, असं सांगतात. होतं उलटं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहज उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथंच धरून राहतं. त्यामुळे चिखलाचा जो थर एरवी तळाशी राहिला असता तो मुळांच्या जवळ वर सरकतो, आणि बारा इंची कुंडीतली तीन इंच जागा फुकट जाते. भोकावर एक खापरी आडवी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. बाकी सगळी माती.

‘मृग लागला की काहीही पेरा’ हेही अर्धंच खरं. जूनमध्ये दुधी, दोडका, कारलं, काकडी हे वेल आणि भेंडी जोमानं येतात. मेथी, कोथिंबीर, पालक यांना मुसळधार पाऊस झोडपतो. ती दिवाळीच्या सुमारास पेरावीत. कोथिंबिरीचा एक धणा म्हणजे दोन बिया असतात. हलक्या हातानं रगडून दोन करा आणि आठ-दहा दिवस धीर धरा. उन्हाळ्यात ती पान कमी देते नि लगेच फुलावर जाते. टोमॅटोचंही तसंच: दुपारचं तापमान पस्तिशीपुढं गेलं की फुलं गळतात, कारण परागच नीट काम करेनासे होतात. त्या वेळी खत वाढवून काही साधत नाही.

आणि दुधी! ‘फुलं खूप येतात, सगळी वांझ’ ही तक्रार मी दर पावसाळ्यात ऐकते. वांझ काही नसतं. वेलाला आधी नर फुलं येतात, लांब बारीक देठावरची. मादी फुलं काही दिवसांनी. त्यांच्या मागे अंगठ्याएवढा लवदार दुधी आधीच लागलेला असतो. ही पांढरी फुलं तिन्हीसांजेला उमलतात आणि सकाळपर्यंत मलूल होतात. परागीकरण करतात ते मुख्यतः रात्रीचे पतंग. ते आठव्या मजल्यावर फिरकले नाहीत तर तो लवदार दुधी पिवळा पडून गळतो. उपाय दोन मिनिटांचा आहे. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. बोटाला पिवळी पूड लागली की समजा, झालं. काकडी, कारलं, भोपळा यांची फुलं मात्र सकाळची, त्यांचं काम सकाळी.

शेवटी बियाण्याबद्दल, कारण इथं भीती फार आहे. ‘हायब्रिड म्हणजे जनुकबदल केलेलं’ असं नसतं. हायब्रिड म्हणजे दोन निवडक वाणांचा साधा संकर. जनुकबदल केलेल्या वांग्याला केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली आणि तशा कुठल्याही भाजीला भारतात लागवडीची परवानगी नाही. हायब्रिडच्या फळातलं बी वांझही नसतं. ते उगवतं, पण पोर आईसारखं निघेलच याची खात्री नसते. दरवर्षी आपलंच बी लावायचं असेल तर देशी वाण घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवडा-वालासारखी गावरान वाणं अशीच राखली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घेवडा, टोमॅटो यांचं परागीकरण बहुतेक आपलं आपणच होतं, त्यामुळे त्यांचं बी राखणं सोपं. दुधीचं बी शेजारच्या वेलाशी संकर होऊन बदलू शकतं. त्यासाठी त्या संध्याकाळी उमलू पाहणारी नर आणि मादी फुलं दुपारीच दोऱ्यानं बांधून ठेवायची, दिवेलागणीला सोडून हातानं पराग लावायचे आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकायचं. तो दुधी तोडायचा नाही. वेल वाळला, साल लाकडासारखी झाली आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की पुढच्या जूनचं बियाणं तयार.