भावनांच्या वादळातील किशोरवय : एका आजाराची ओळख

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम आहे. आचार्य विनोबा भावे यांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली तेथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य आरंभिले. त्या काळी कुष्ठरोग झालेल्या माणसाला घरचेच लोक बाहेर काढीत, अथवा मागच्या खोलीत लपवून ठेवीत. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. लपविण्याची आपली सवय मात्र गेलेली नाही. आता त्या मागच्या खोलीत मनाचे आजार ठेवले जातात. किशोरवयात डोके वर काढणाऱ्या अशाच एका आजाराची ओळख आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

डॉक्टर त्याला ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ म्हणतात. मराठीत ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार’. नाव काहीसे फसवे आहे. १९३८ साली अॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकन मनोविश्लेषकाने, मनाच्या सौम्य व तीव्र आजारांच्या सीमेवरचे रुग्ण या अर्थाने ते वापरले. ती कल्पना मागे पडली, नाव उरले. खरा दोष भावनांच्या नियमनात आहे. भावना चटकन पेटते, इतरांपेक्षा अधिक तीव्र होते आणि शमण्यास फार वेळ घेते.

घरात हे कसे दिसते? मैत्रिणीने संदेशाला उत्तर दिले नाही, एवढ्यावरून पंधरा वर्षांची मुलगी ‘मला सर्वांनी टाकले’ म्हणून रात्रभर रडते. सकाळी जी आई देवदूत होती, ती सायंकाळी वैरीण ठरते. संतापात ताट भिरकावले जाते आणि तासाभराने त्याच हातांनी आईचे पाय धरले जातात. आपण कोण, आपल्याला काय आवडते, हेच तिला उमगत नाही. आत पोकळी जाणवते. पुष्कळ मुले स्वतःच्या शरीराला इजा करून घेतात. हे बहुधा कोणाला दाखविण्यासाठी नसते. असह्य झालेली वेदना क्षणभर थांबावी, म्हणून असते. मुलांनाही हा विकार होतो. त्यांचा मात्र केवळ राग दिसतो आणि ‘उनाड’ असा शिक्का बसतो.

किशोरवय लहरीच असते, हे खरे. म्हणून डॉक्टर घाई करीत नाहीत. नऊ लक्षणांपैकी किमान पाच असावी लागतात, आणि अठरा वर्षांखालील मुलांत ती निदान वर्षभर टिकलेली असावी लागतात. कोवळ्या वयात हे नाव देऊच नये, असा पूर्वी प्रघात होता. आता अनेक तज्ज्ञ मानतात की वेळीच दिलेले नाव मुलाला शिक्षेपासून वाचविते व उपचारांपर्यंत नेते.

या विकाराचा सर्वाधिक मान्यता पावलेला उपचार मार्शा लिनेहन या कॅथोलिक कुटुंबात वाढलेल्या स्त्रीने घडविला. अमेरिकेतील टल्सा शहरात १९४३ साली त्यांचा जन्म झाला. वयाच्या सतराव्या वर्षी, १९६१ मध्ये, त्यांना हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. स्वतःला इजा करणे थांबेना, म्हणून एकांत खोली, जड औषधे, विजेचे झटके असे सारे झाले. निदानही वेगळेच ठरले होते. दोन वर्षांहून अधिक काळ त्या तेथे होत्या. आपण या नरकातून बाहेर पडलो तर इतरांना बाहेर काढण्यासाठी परत येऊ, असे वचन त्यांनी तेथेच देवाला दिले. पुढे १९६७ मध्ये शिकागोतील एका प्रार्थनागृहात गुडघे टेकले असता, देवाच्या प्रीतीचा व स्वतःविषयीच्या प्रेमाचा गाढ अनुभव त्यांना आला. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या अनुभवाने त्यांची निराशा पालटली, परंतु दुःखाच्या लाटा येतच राहिल्या. त्या लाटा सोसण्याची कौशल्ये त्यांना शिकावी लागली, आणि मानसशास्त्रज्ञ झाल्यावर तीच त्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने इतरांना शिकविली. १९९१ साली त्यांच्या पद्धतीच्या पहिल्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतःची कथा त्यांनी जाहीरपणे सांगितली ती २०११ साली, त्याच हार्टफर्डच्या रुग्णालयात.

डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी हे या पद्धतीचे नाव. ‘तू जशी आहेस तशी मला मान्य आहेस’ आणि ‘तुला बदलावे लागेल’, ही दोन्ही वाक्ये तीत एकाच वेळी खरी मानली जातात. लाट आली असता चेहऱ्यावर थंड पाणी घेणे, श्वास लांबवून सोडणे, भावनेला नाव देणे, भांडण न करता मागणी मांडणे, अशी साधी वाटणारी कौशल्ये आठवड्यामागून आठवडे घोटून घेतली जातात. किशोरवयीनांच्या वर्गात आईवडिलांनाही बसवितात, आणि ते योग्यच आहे. लिनेहन यांच्या मते जन्मतः हळवे मन आणि त्या मनाची भावना सतत खोटी ठरविणारे वातावरण, यांच्या संयोगातून हा विकार वाढतो. आईवडिलांना दोषी ठरविण्याचा येथे हेतू नाही. प्रेमळ घरांतही हे घडते. काही मुलांच्या बाबतीत मात्र मागे अत्याचार दडलेला असतो. तो उघड झाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, अत्याचारी कोणीही असो.

“एवढ्यातेवढ्यावरून काय रडतेस?” या वाक्याऐवजी “तुला फार लागलंय, दिसतंय मला, बसते मी इथे” असे म्हणून पाहावे. याचा अर्थ प्रत्येक हट्ट पुरवावा असा नव्हे. वेदना मान्य करावी आणि फेकलेले ताट तिलाच उचलावयास सांगावे.

आपल्यात दुसरी एक अडचण आहे. नोव्हेना करा, पापनिवेदन करवा, ‘बाहेरची बाधा’ असेल, असे सल्ले प्रथम येतात. प्रार्थना अवश्य करावी. ती डॉक्टरांच्या दारापर्यंत जाण्याचे बळ देते. परंतु आजार हे पाप नव्हे. गंभीर मानसिक विकारामुळे आत्मघाताबाबतची नैतिक जबाबदारी उणावते, हे ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही स्पष्ट आहे. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाहीत. म्हणून मुलाने तेथे मरणाची भाषा केली, तर घरी अथवा डॉक्टरांना सांगण्याचा त्यांनी त्याला आग्रह करावा, आणि संस्काराबाहेर पुन्हा बोलावयास बोलवावे.

केवळ या विकारासाठी असे औषध नाही. सोबत नैराश्य असेल तर डॉक्टर त्यासाठी देतात. दीर्घ पाहणीत मात्र आढळले आहे की बहुसंख्य रुग्णांची लक्षणे दहा वर्षांत ओसरतात. नोकरी व नातेसंबंध सावरण्यास अधिक वेळ लागतो.

ही थेरपी पूर्ण स्वरूपात मोठ्या शहरांबाहेर क्वचितच मिळते. तरी नालवाडीकरांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय जवळ आहेत, आणि दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. मूल मरणाविषयी बोलू लागल्यास त्याला एकटे सोडू नये, इजा होईल अशा वस्तू दूर ठेवाव्यात आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. “जीव द्यावासा वाटतो का?” असे सरळ विचारल्याने तो विचार मनात नव्याने पेरला जात नाही. पोलिसांच्या भीतीने घटना दडवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीला शिक्षेऐवजी उपचारांचा हक्क दिला आहे. डॉक्टरांकडे जाताना मागील काही आठवड्यांत काय, केव्हा व कशानंतर घडले, याची छोटी वही सोबत न्यावी, आणि डॉक्टरांना थोडा वेळ मुलाशी एकट्याने बोलू द्यावे.