‘रोज चाला’ ते ‘कधी चालाल?’

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये मधुमेहाच्या पेशंटला ‘रोज अर्धा तास चाला’ असं सांगणारे डॉक्टर पूर्वीही होते, आजही आहेत. पेशंटचं उत्तरही ठरलेलं: ‘डॉक्टर, दिवसभर दुकानात उभाच असतो की!’ दोघांचंही खरं, पण चालणं राहून जातं ते जातंच. गेल्या दोन दशकांत या संवादाला पुढची वाट सापडली आहे.

सुरुवात चेन्नईची. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला. सरसकट सगळ्यांना चालायला लावलं नव्हतं. ज्याचं काम अंगमेहनतीचं किंवा ज्याची सायकल रोजची, त्याला ‘आहे ते चालू ठेवा’ असं सांगितलं. बैठ्या माणसाला रोज अर्धा तास झपझप चालायला. शिवाय दर महिन्याला फोन. तीन वर्षांत नेहमीच्याच सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी 55 टक्क्यांना मधुमेह झाला, आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना. 2013 मध्ये याच गटाने 537 नोकरदार पुरुषांना मोबाइलवर मेसेज पाठवून पाहिले. मेसेज ज्याच्या त्याच्या तयारीनुसार आणि सोयीच्या वेळी जायचे. दोन वर्षांत मेसेज न मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांना मधुमेह झाला, मेसेज मिळालेल्यांपैकी 18 टक्क्यांना.

दरम्यान 2010 मध्ये केंद्र सरकारचा असंसर्गजन्य रोगांचा कार्यक्रम सुरू झाला आणि तपासण्या वाढल्या. पण 2014 साली आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीने डोळे उघडले. महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या या पाहणीत शहरांतले 65 टक्के लोक पुरेशी हालचाल करत नव्हते. साखर मोजली जात होती. दिवस कसा जातो, हे विचारायचं राहिलं होतं.

उल्हासनगरात तर हे विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. तेरा चौरस किलोमीटरमध्ये 2011 च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर वस्ती. फूटपाथवर दुकानाचा माल, रस्त्यात रिक्षा. इथे ‘बागेत फिरा’ म्हणणं सोपं, जमणं कठीण. त्याऐवजी शटर उघडण्याआधी वीस मिनिटं, दुपारी गिऱ्हाईक कमी असताना दहा, पावसाळ्यात घरातल्या घरात फेऱ्या, असं ठरवून दिलं तर जमतं. शिलाई मशीनवर बसणाऱ्या ताईंना दर तासाला उठणं सांगावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या काकूंना खुर्चीवरचे व्यायाम. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. चालताना छातीत दुखलं तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा.

एवढ्या वर्षांचा निष्कर्ष साधा आहे: सल्ला कमी पडला नाही, पाठपुरावा कमी पडला. म्हणून मध्यवर्ती रुग्णालयापासून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत सगळ्यांना एकच विनंती. केसपेपरवर ‘व्यायाम करा’ लिहू नका; कधी, कुठे, कुणाबरोबर ते लिहा आणि पुढच्या खेपेला जमलं का, एवढं विचारा.