करंगळीवर भार असलेलं वाद्य

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वर्षातून दोनदा दीक्षान्त संचलन होतं. खेत्रपाल मैदानावर शेकडो छात्रांची पावलं एका ठेक्यात पडतात आणि तो ठेका बँड धरून ठेवतो. लष्करी बँड म्हटलं की आपल्याला ड्रम आणि बिगुल आठवतात. सॅक्सोफोन म्हटलं की जॅझ, नाहीतर हिंदी सिनेमा. पण हे वाद्य घडलं ते फौजेला डोळ्यांसमोर ठेवूनच. बेल्जियन कारागीर ॲडॉल्फ सॅक्सने 1846 साली पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. क्लॅरिनेटची चपळाई आणि पितळेचा दणदणीत आवाज, दोन्ही त्याला एकाच नळीत हवं होतं.

ते त्याला साधलं, पण बोटांची पंचाईत झाली. सॅक्सोफोनची नळी खाली रुंद होत जाते आणि तिच्यावरची भोकंही मोठी होत जातात. ऑल्टो सॅक्सोफोनच्या तळाशी असलेलं भोक पाणीपुरीच्या पुरीएवढं भरेल. बासरीसारखं ते बोटाने झाकायचा प्रश्नच नाही. म्हणून प्रत्येक भोकावर चामड्याचं पॅड, पॅडला दांडी आणि दांडीच्या टोकाला बोटाखाली येणारी चावी. अशा 20हून अधिक चाव्या. उजवा अंगठा वाद्य सावरायला आकड्याखाली अडकलेला, डावा वरच्या सप्तकाच्या चावीवर. बाकी बहुतेक कारभार आठ बोटांचा.

त्यात सर्वांत जास्त राबते ती डावी करंगळी. हाताचं हे सर्वांत दुबळं बोट, आणि मंद्रातल्या तीन स्वरांच्या चाव्या, शिवाय जी शार्पची, एवढ्या तिच्याच वाट्याला. जुन्या वाद्यांत घंटेवरची, म्हणजे खालच्या रुंद तोंडावरची, पॅडं डाव्या बाजूला असायची. 1936च्या सुमारास पॅरिसच्या सेल्मर कंपनीने ‘बॅलन्स्ड ॲक्शन’ या मॉडेलमध्ये ती उजवीकडे नेली. दांड्यांची जुळणी सुटसुटीत झाली, करंगळीचा जोर वाचला. पुढची सुधारणा 1948 सालची. तोवर दोन्ही हातांच्या चाव्या एका सरळ रेषेत असत. आता त्या एकमेकींपासून थोड्या फिरवून बसवल्या, त्यामुळे मनगट वाकडं करावं लागेना. सेल्मरचं 1954चं ‘मार्क सिक्स’ मॉडेल याच मांडणीवर घडलं. आज जपान-तैवानची वाद्यंही साधारण हीच मांडणी पाळतात. म्हणजे वाद्य निघाल्यापासून ते हाताला सोयीचं व्हायला शंभर वर्षं गेली!

तरीही हात लहान असेल तर अडतंच. डाव्या तळहाताने दाबायच्या वरच्या चाव्या दूर पडतात. त्यावर उपाय अगदी साधा: चावीवर बुचाचा किंवा रबराचा तुकडा चिकटवून ती उंच करायची. उजव्या अंगठ्याचा आकडा स्क्रू सैल करून सरकवता येतो, पण कित्येक शिकाऊ वादक त्याला हातच लावत नाहीत आणि अंगठा दुखतो म्हणून कुरकुरत राहतात. ऑल्टोचं अडीच किलोच्या आसपास वजन गळ्यातल्या पट्ट्यावर हवं, अंगठ्यावर नव्हे. पट्टा इतका आवळायचा की मान न वाकवता माउथपीस आपोआप ओठांशी यावं. उभं राहून वाजवताना चूक खपून जाते. चालत वाजवायचं तर पहिल्याच फेरीत मान बोलायला लागते.

पावसाळ्यात आणखी एक कटकट. जी शार्पचं पॅड एरवी मिटलेलंच असतं. दमट हवेत ते भोकाला चिकटून बसतं, चावी दाबली तरी उघडत नाही. मग पातळ कागदाची पट्टी पॅडखाली धरायची आणि ओल टिपून घ्यायची.

भारतीय वादकाची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. चावी एक तर उघडी, नाहीतर बंद. बासरीवाला बोट हळूहळू सरकवून मींड काढतो, ती सोय इथे नाही. स्वर वाकवायचा तो मुख्यतः ओठांनी आणि घशाने. मंगळूरकडच्या कद्री गोपालनाथांनी म्हैसूर राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि गमकांसाठी चक्क वाद्याच्या रचनेतच फेरफार केले. तेच वाद्य घेऊन 1994 साली ते लंडनला बीबीसी प्रॉम्समध्ये कर्नाटक संगीत वाजवून आले.