हवेचा हिशेब – भाग ६ : थंडीतल्या पहाटेचं झाकण

डिसेंबरात उजाडताना पुण्याच्या वारज्यातल्या मुठेवरच्या हायवे पुलावरून नदीपात्राकडे पाहिलं, तर काठावर एखादी तरी शेकोटी पेटलेली दिसते. तिचा धूर सरळ वर चढतो आणि चार-पाच मजल्यांच्या उंचीवर कशाला तरी अडल्यासारखा आडवा पसरतो. वर आभाळ निरभ्र असतं, धुराला मात्र वाट नसते. मे महिन्यातल्या दुपारी हाच धूर बघता बघता विरून गेला असता.

मागच्या भागात आपण धूलिकण येतात कुठून, ते पाहिलं. या आठवड्यात प्रश्न आहे, ते जातात कुठे आणि कधी जात नाहीत.

एरवी जमिनीलगतची हवा उबदार आणि वरची थंड असते. उबदार हवा वर चढते आणि आपल्याबरोबर धूर, धूळ घेऊन जाते. थंडीतल्या रात्री आभाळ स्वच्छ, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला, की जमीन भराभर निवते आणि लगतची हवाही गार पडते. वरचा थर त्या मानाने उबदार राहतो. खालची गार हवा जड असल्यामुळे वर जात नाही, जणू पातेल्यावर झाकण बसतं. याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. हवामान विभाग पहाटे साडेपाचच्या सुमारास देशात ठिकठिकाणी उपकरणं बांधलेले फुगे सोडतो. फुगा वर जाताना तापमान घटण्याऐवजी वाढत गेलं, की हा थर नोंदीत स्पष्ट दिसतो. सूर्य वर आल्यावर जमीन तापते आणि झाकण सुटतं, पण त्याला उजाडल्यानंतर दोन-तीन तास तरी लागतात.

वारज्याची ठेवण या बाबतीत वाईट आहे. एका अंगाला टेकड्या, दुसऱ्या अंगाला खडकवासल्याहून येणारी मुठा. रात्री टेकड्यांच्या उतारावरची गार हवा घरंगळत नदीकडच्या सखल भागात उतरते आणि तिथेच साचते. याच भागातून मुंबई-बंगळूरु महामार्ग जातो. वारज्याहून चांदणी चौकाकडे चढ लागतो. भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये तो चढ चढतो, तेव्हा इंजिनावर सगळ्यात जास्त ताण असतो आणि धूरही भरपूर निघतो. पहाटे तो धूर झाकणाखालीच राहतो. त्यात सर्व्हिस रोडची धूळ, बांधकामांची माती आणि पेटवलेला कचरा यांची भर. धूर रोजचाच असतो. फरक पडतो तो त्याला मिसळायला मिळणाऱ्या हवेत. ती दुपारी हजार-दोन हजार मीटर उंचीपर्यंत असते, पहाटे जेमतेम शे-दोनशे मीटर.

म्हणूनच ‘सकाळची शुद्ध हवा’ ही आपली समजूत थंडीत निदान महामार्गालगत तरी खरी नाही. पावसाळ्यात ती खरी असते, कारण तेव्हा समुद्राकडून वारा येतो आणि पाऊस हवा धुऊन काढतो. आपण मात्र ती बारमाही धरून चालतो आणि नेमकं डिसेंबरात पहाटे पळायला निघतो.

मोबाइलवरचा आकडाही इथे फसवतो. आपल्याकडे हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ साली सुरू झाला. त्यात धूलिकणांचा आकडा २४ तासांच्या सरासरीवरून काढतात. त्यामुळे सकाळी सातला दिसणाऱ्या आकड्यात कालच्या दुपारची मोकळी हवाही मिसळलेली असते. पीएम २.५, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांसाठी आपली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली स्वतःची मर्यादा १५ वर आणली. या दोन आकड्यांतलं अंतर मला अस्वस्थ करतं. पण दोन्ही मर्यादा सरासरीच्याच आहेत आणि फुप्फुसं सरासरीने श्वास घेत नाहीत, त्या घटकेला जी हवा समोर असेल तीच घेतात.

आणि किती घेतात? स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. पळताना हेच प्रमाण चाळीस-पन्नास लिटरच्या पुढे जातं, शिवाय श्वास तोंडाने सुरू झाला की नाकाची गाळणी टळते. अतिसूक्ष्म कण वायुकोशांपर्यंत उतरतात आणि त्यांतले काही रक्तातही जातात. म्हणून दम्याइतकाच हृदयविकाराचाही इथे संबंध आहे. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये असंच झाकण चार-पाच दिवस हललं नाही. तेव्हा सुमारे चार हजार बळी गेल्याचं मानलं गेलं. पुढच्या अभ्यासांत हा आकडा बारा हजारांपर्यंत गेला. त्यांतले बरेच जण आधीच छातीच्या किंवा हृदयाच्या दुखण्याने आजारी होते.

ज्यांना जमेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत फिरायची वेळ नऊच्या पुढे न्यावी आणि सर्व्हिस रोड टाळावा. वारज्याच्या टेकडीवर वनखात्याच्या जमिनीवर उभं राहिलेलं नागरी वन आहे. २०२० साली केंद्राने नगर वन योजना जाहीर केली, तेव्हा त्याचंच उदाहरण देशापुढे ठेवलं होतं. ते नदीपात्रापेक्षा उंचावर आहे आणि रस्त्यापासून आत, म्हणून फिरायला बरं.

पण रस्ते झाडणाऱ्या बाईंनी, पेपर टाकणाऱ्या मुलाने, वाहतूक पोलिसाने वेळ कशी बदलायची? कोरड्या खराट्याने झाडण्याचं काम नेमकं झाकण घट्ट असताना चालतं. धूळ उडते ती आधी झाडणाऱ्याच्याच छातीत जाते. थंडीचे दोन महिने हे काम उन्हं वर आल्यावर सुरू करणं किंवा आधी पाणी मारणं महापालिकेला अवघड नाही. राज्य सरकारने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असं ठरवलं. कारण मुलांच्या झोपेचं होतं, पण हवेच्या हिशेबातही तो निर्णय बरोबर बसतो. पाचवीच्या पुढच्या मुलांची फुप्फुसंही अजून वाढतच असतात, हे शाळांनी लक्षात घ्यावं.

शेकोटीचं तर आपल्याच हातात आहे. सोसायटीचा रखवालदार रात्रभर प्लायवूडचे तुकडे आणि प्लास्टिक जाळतो, कारण त्याला थंडी वाजते. त्याला जाड स्वेटर, कानटोपी आणि केबिनमध्ये विजेचा हीटर देणं हा सोसायटीच्या बैठकीतला दहा मिनिटांचा विषय आहे. नोव्हेंबरच्या बैठकीत तो मांडा.

(पुढच्या भागात : एप्रिलमधली दुपार आणि जमिनीलगतचा ओझोन)