गेमचा नाद : खोड की आजार?

पोरगा रात्रभर मोबाईलवर गेम खेळतो, म्हणून त्याला मानसिक रोगी ठरवावे काय? आम्ही म्हणतो, सरसकट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या नादाला आजारांच्या यादीत घेतले आणि १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. कित्येक संशोधकांनी विरोध केला. प्रत्येक खेळकर मुलावर शिक्का बसेल, ही त्यांची भीती. ती अगदीच खोटी नाही.

पण त्या यादीत खेळाचे तास मोजलेले नाहीत, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. खेळावर ताबा राहत नाही, शाळा, कामधंदा, जेवणखाण मागे पडते, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही आणि हे साधारण बारा महिने चालते, तेव्हा तो आजार. सुटीत चार दिवस खेळणारा पोरगा त्यात बसत नाही. (रोज रात्री टीव्हीपुढून न हलणाऱ्या बापाने त्याला बोलावे, हेही नवलच!)

ज्याचे खरेच बिघडले आहे, त्याला मारझोड नको, अंगारे-धुपारे तर नकोतच; डॉक्टर हवा. नाव यादीत आल्याचा फायदा तोच. बंगळूरच्या निमहान्समध्ये २०१४ पासून यासाठी वेगळे उपचार केंद्र आहे. तेवढे लांब जाणे परवडत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येते.