घाटाखालची गाडी, घाटावरची भूक

बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख सांगताना जातीगावाच्या आधी एक प्रश्न येतो: घाटावरचे की घाटाखालचे? मोताळा घाटाखालचं, पण अगदी पायथ्याचं. मलकापूरहून निघालेला रस्ता इथून पुढे राजूर घाट चढून बुलढाण्याला जातो. या दोन पातळ्यांचं वेड मला फार वर्षांपासून आहे. जुनी गॅझेटियरं आणि जनगणनेचे तक्ते मी चाळत बसतो ते त्यापायीच. त्या चाळण्यातून हाती आलेल्या एका आकड्याभोवती हा लेख फिरतो.

सुरुवातीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. जीआयपी रेल्वे भुसावळहून मलकापूर, नांदुरा, शेगाव असं पूर्णेचं खोरं धरत १८६७ साली नागपूरला पोचली. अजिंठ्याच्या डोंगररांगेला तिने हात लावला नाही. सपाट जमीन, स्वस्त काम आणि कापूसही तिथेच. मग घाट चढायची गरज कोणाला?

हॅरी रिव्हेट-कार्नॅक हे नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं अभ्यासणारा हौशी पुरातत्त्वज्ञ म्हणून ते क्वचित भेटतं. पण पोटापाण्यासाठी हा गृहस्थ मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर होता. १८६०च्या दशकाअखेरच्या त्याच्या अहवालातला हिशेब मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यातल्या मोकळेपणानेच चक्रावलो. त्याचं म्हणणं असं, की या मुलखात रेल्वेचा फाटा आणला तर विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग इथे सूत होऊन संपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल. सूतकताई आणि विणकामात गुंतलेले लोकही शेतमजुरीला मोकळे होतील आणि जंगल तोडून लागवड वाढवता येईल. रेल्वेने उद्योग आले असं आपण शाळेत शिकलो. इथे कोणता उद्योग मोडायचा तेही रूळ टाकण्याआधी कागदावर उतरलं होतं.

मार्च १८७०मध्ये लॉर्ड मेयोने जलंब–खामगाव फाट्याचं उद्घाटन केलं. लांबी जेमतेम तेरा किलोमीटर. एवढ्याशा फाट्याला खुद्द व्हाइसरॉय आला, कारण खामगाव ही त्या काळी कापसाची अव्वल बाजारपेठ होती. पुढच्या दशकांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, घरगुती रेचे अडगळीत गेले, सरकी वेगळी निघू लागली आणि गाठी थेट मुंबईच्या वाटेला लागल्या. तो सगळा वैभवकाळ मी ओलांडतो. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे.

१८९९ साली पाऊस रुसला, आणि इथे माझा आकडा येतो.

तेव्हाच्या बुलढाणा जिल्ह्यात तीनच तालुके होते: चिखली, मेहकर आणि मलकापूर. खामगाव आणि जळगाव नंतर आले. मोताळा मलकापूर तालुक्यात होतं. १८९१ला जिल्ह्याची लोकसंख्या ४,८१,०२१ होती. १९०१ला ४,२३,६१६ उरली. घट ५७,४०५ची. यातली एकट्या मेहकरची घट ३२,२५४! १,५३,०४६ माणसांचा तालुका १,२०,७९२वर आला. शंभरातली एकवीस माणसं कमी. उरलेल्या दोन तालुक्यांची मिळून घट २५,१५१, म्हणजे शेकडा आठाच्याही आत.

मेहकर पूर्ण घाटावरचा तालुका. जवळचं स्टेशन खामगाव, तेही घाट उतरून. इतिहासकारांचं जुनं भांडण इथे आठवतं. मिशेल मॅकअल्पिन यांनी १९८३च्या पुस्तकात पश्चिम भारतापुरतं मांडलं, की रेल्वेने धान्य हलतं झालं, भाव सारखे झाले आणि दुष्काळाची धार बोथट झाली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडच्या कापूस-दुष्काळावरच ग्रंथ लिहून उलट बाजू लढवली: कापसाने ज्वारीची जमीन खाल्ली आणि रेल्वेने धान्य बाहेर नेलं. त्यांच्या आधारे माइक डेव्हिस यांनी जगभर गाजलेलं विधान केलं. १८९९–१९००च्या दुष्काळात वऱ्हाडात १,४३,००० माणसं थेट उपासमारीने मेली आणि त्याच काळात ७,४७,००० बुशेल, म्हणजे अंदाजे वीस हजार टन, धान्य प्रांताबाहेर गेलं.

हा पहिला आकडा मला अडखळवतो. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ला २८,९७,४९१ आणि १९०१ला २७,५४,०१६ होती. वजाबाकी करा: १,४३,४७५. जुळणी इतकी नेमकी आहे, की ही दशकभराची निव्वळ घटच भूकबळी म्हणून मोजली गेली असावी, अशी मला दाट शंका आहे. तसं असेल तर आकडा दोन्ही बाजूंनी लंगडा. त्यात परागंदा झालेले आहेत, न झालेले जन्म आहेत. उलट जन्मांनी भरून निघालेले मृत्यू त्यात दिसतच नाहीत. खरी प्राणहानी म्हणूनच याहून मोठीही असू शकते. सत्यांचा राग मला पटतो, पण रागालाही हिशेब चोख लागतो.

मेहकरचं कोडं मात्र दोन्ही पक्षांच्या पलीकडचं वाटतं. धान्य मलकापूर-खामगावच्या स्टेशनापर्यंत येई. तिथून वर न्यायला बैल लागत. पाऊस गेला की आधी कडबा संपतो, आधी जनावरं बसतात. ज्या वर्षी गाडीची सर्वाधिक गरज, त्याच वर्षी ती घाट चढू शकत नाही. शिवाय धान्य दारात आलं तरी विकत घ्यायला गाठीला पैसा हवा. दुष्काळात लोक सर्वांत आधी नवं कापड घेणं सोडतात, आणि मेहकरचे मोमीन विणकर एकेकाळी नावाजलेले होते. विलायती कापडाने आधीच खिळखिळा झालेला माग उपाशी वर्षात काय तग धरणार? विणकर शेतमजुरीला मोकळे व्हावेत, ही रिव्हेट-कार्नॅकची इच्छा तीस वर्षांनी फळाला आली तेव्हा शेतात मजुरीच नव्हती.

म्हणून ‘रेल्वेने तारलं की मारलं’ हा वाद मला अपुरा वाटतो. रूळ कुठे थांबले आणि तिथून पुढची जबाबदारी कोणाची होती, हे विचारायला हवं. पुढे मोताळा तालुक्यात नळगंगेवर धरण झालं, रस्ते झाले, रेशन आलं. पुढची जबाबदारी निदान काही प्रमाणात सरकारवर आली. खामगावहून चिखली, देऊळगावराजा करत जालन्याला जाणारा रेल्वेमार्ग मात्र शतकाहून अधिक काळ मागणीतच आहे. कापसासाठी तेरा किलोमीटर तातडीने झाले. माणसांसाठी घाट चढायचा म्हटलं की दर पिढीला नवं सर्वेक्षण. तो मार्ग व्हावाच, असं माझं मत आहे. पण त्याचा प्रकल्प अहवाल वाचताना आपल्या लोकप्रतिनिधींनी गाठी आणि टनांच्या रकान्यांवर थांबू नये. दुष्काळाच्या वर्षी या रुळांवरून काय वर चढेल आणि शेवटच्या गावापर्यंत ते कोण नेईल, याचं उत्तर त्यांनी आधी लेखी मागावं.