पाऊस बदलला, शेतीचा सल्लाही बदलला!

मृग लागायच्या आत पापड-कुरडया डब्यांत भरून ठेवायच्या, गोधड्या धुऊन वाळवायच्या, वर्षाचं तिखट कुटून घ्यायचं. आपल्या आई-आजींनी घालून दिलेलं हे वेळापत्रक आपण अजून सांभाळतो. पण २०२५ साली काय झालं आठवतंय ना? मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. याआधीचा सर्वांत लवकरचा दिवस १९५६ सालचा होता, २९ मे! किती तरी घरांत गच्चीवरच्या पापडांची धावपळ झाली. आपलं नुकसान झालं ते फार तर दोन डबे पापडांचं. पण ज्यांचं सारं वर्षच त्या पावसावर उभं असतं, त्यांनी काय केलं असेल?

मैत्रिणींनो, आज त्यांच्याविषयी आणि त्यांना सल्ला देणाऱ्या माणसांविषयी थोडं बोलूया. त्यासाठी आपल्याला जायचंय पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे. डहाणूचा चिकू तुम्ही आवडीने घेता. वाडा कोलम तांदूळही याच जिल्ह्यातला. या दोन्हींना आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, चिकूला २०१६ मध्ये आणि वाडा कोलमला २०२१ मध्ये. तलासरी तालुक्यात, दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळ उधवा हे गाव आहे. आजूबाजूला आदिवासी पाडे, उतारावरची लहान लहान खाचरं आणि शेती बहुतेक पावसाच्या पाण्यावरची. भात, नागली, उडीद, तूर अशी पिकं. एकदा भात कापून झालं की कित्येक कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, कोणी वीटभट्टीवर, कोणी वाडीत, कोणी कारखान्यात. म्हणजे घरातली वर्षाची कणगी भरायची ती चार महिन्यांतच!

मे महिन्यातला चिखल

भाताची रोपं करण्याआधी या भागात राब भाजतात. शेण, पालापाचोळा, गवत, वर मातीचा थर असं रचून ती जागा जाळायची आणि पावसाच्या तोंडावर तिथे बी पेरायचं. या रोपांना इकडे ‘आवण’ म्हणतात आणि लावणीला ‘आवणी’. आता पाऊस मे महिन्यातच कोसळला, तर राब भिजतो, माती चिखलाची होते आणि भाताच्या आधी तणच उगवून बसतं.

समजा, अशा वेळी उधव्याजवळच्या एखाद्या पाड्यावरची बाई विचारते, “साहेब, राब भाजलाच नाही, आता आवण कसं टाकायचं?”

तिला दोन प्रकारची उत्तरं मिळू शकतात. एक छापील, “शिफारशीप्रमाणे करा.” दुसरं उत्तर तिचं शेत बघून दिलेलं. “ताई, घाई करू नका. पाऊस उघडू द्या, वाफसा येऊ द्या. उंच जागा बघून गादीवाफे करा, म्हणजे पाणी साचून बी कुजणार नाही. राब नसला तर भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळा. आणि अगदीच उशीर झाला तर रहू टाका.”

रहू म्हणजे काय, ते तुम्हाला लगेच कळेल. आपण मटकीला मोड आणतो ना, तसंच! भाताचं बी भिजत घालायचं, मग गोणपाटात दडपून मोड आणायचे आणि ते चिखलणी केलेल्या शेतात फोकायचं. रोपवाटिकेचे तीन आठवडे वाचतात. ही रीत कोकणात जुनीच आहे. ती कधी वापरायची, हे त्या दिवशी सांगणारं माणूस मात्र हवं.

टेकडीवरची शाळा

असं सांगणारी एक जागा डहाणूजवळ गेली पन्नास वर्षं आहे. १९७४ साली पुदुच्चेरीला देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र निघालं आणि दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचं केंद्र सुरू झालं. कोसबाड हे नाव तुमच्या ओळखीचं असेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या त्या इथेच. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून रागावत न बसता त्यांनी शाळाच मुलांकडे नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर भरणारी ‘कुरणशाळा’ ती हीच.

शेतीच्या सल्ल्याचंही तसंच आहे. तो बांधापर्यंत गेला तरच उपयोगाचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि कर्जतच्या भात संशोधन केंद्रात नवे वाण, नव्या पद्धती तयार होतात. कृषी विज्ञान केंद्र त्या या मातीत लावून बघतं आणि गावोगावचे कृषी सहायक त्या शेतकऱ्यांपर्यंत नेतात. (या हुद्द्याचं नाव सरकारने अलीकडे बदललं, पण गावात अजून ‘कृषी सहायक’च!)

चिमूटभर मीठ आणि बरंच काही

हे सल्ले ऐकले की वाटतं, अरे, हे तर आपल्या स्वयंपाकघरातलंच शहाणपण! बियाण्याचंच बघा. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात भाताचं बी टाकायचं. पोकळ, रोगट बी वर तरंगतं, ते काढून टाकायचं. तळाशी बसलेलं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. खर्च किती, तर मिठाचा! पण लहरी पावसात दुबार पेरणीची पाळी येऊ नये म्हणून पहिलंच बी सशक्त असावं लागतं.

दुसरा सल्ला वाणांचा. कोकणात भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे प्रकार मानतात. हळवा लवकर कापणीला येतो, गरवा सावकाश. कर्जत-३ हळवा, जया निमगरवा, कर्जत-२ गरवा. पूर्वी परतीच्या पावसाचा अंदाज असे. आता कधी सप्टेंबरातच ओढ लागते आणि उतारावरचा गरवा भात पोटरीत असतानाच सुकतो. कधी ऑक्टोबर संपेपर्यंत पाऊस हटत नाही आणि कापून ठेवलेला हळवा शेतातच भिजून त्याला मोड येतात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीला, क्यार वादळाच्या दिवसांत, कोकणातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी हे भोगलं. म्हणून जाणता सल्लागार सांगतो, सगळी खाचरं एकाच वाणाची करू नका. वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात हळवा घ्या आणि खालच्या, पाणी धरणाऱ्या खाचरात गरवा. एक गेलं तर दुसरं हाती लागेल. आपण सगळे पैसे एकाच डब्यात ठेवतो का? तसंच हे.

तिसरी गोष्ट खताची. धो धो पाऊस पडला की फेकलेला युरिया ओढ्याला जातो आणि त्याबरोबर पैसेही. चारसूत्री पद्धतीत खताच्या गोळ्या मिळतात. दोरीवर नेमक्या अंतराने आवणी करायची, एका चुडात दोन-तीनच रोपं लावायची आणि चार चुडांच्या मध्ये एक गोळी चिखलात खोल खोचायची. खत तिथेच मुरतं. जोडीला बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला शेतात गाडायचा.

चौथा मार्ग नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी दाखवलेला, सगुणा भात तंत्राचा. यात चिखलणीही नाही आणि आवणीही नाही. कायमचे गादीवाफे करून त्यावर बी टोकायचं. दिवस दिवस कमरेत वाकून भर पावसात आवणी करणाऱ्या बाईला यात किती सुटका आहे, ते निराळं सांगायला नको. मात्र तणाकडे लक्ष द्यावं लागतं, हेही सल्लागाराने आधीच सांगायला हवं.

चिकूच्या बागांचं दुखणं वेगळं. लांबलेला पाऊस आणि दमट हवा यांनी फळं सडतात, बी पोखरणारी अळी वाढते. गळालेली फळं रोज वेचून नष्ट करा, दाट फांद्या विरळ करून झाडात ऊन येऊ द्या, हे सल्ले तिथे दिले जातात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यासमोरून गेलं तेव्हा चिकू-आंब्यांचं मोठं नुकसान झालं. तिथे कोणताही सल्ला पुरा पडत नाही, हे खरं. पण वादळ येतंय हे दोन दिवस आधी कळलं, तर तयार माल तरी उतरवून घेता येतो.

दोन दिवस आधी कळायला हवं

आता मुद्द्याचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिलं की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्रावरून जास्त बाष्प येतं आणि मध्ये कोरडे दिवस जाऊन पाऊस एकदमच ओततो. अशा वेळी ‘जूनमध्ये पेरा, ऑक्टोबरात कापा’ हा सल्ला फुकट. ‘उद्या-परवा कापू नका, शनिवारी उघडीप आहे’ हा सल्ला लाखाचा!

असा सल्ला मिळावा म्हणून वेधशाळेच्या साहाय्याने जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी हवामान केंद्रं निघाली होती. कोसबाडलाही होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि त्यानुसार काय करावं, काय टाळावं, असं पत्रक मराठीत निघे. पण २०२४ च्या सुरुवातीला देशभरातल्या १९९ जिल्हा केंद्रांची ही योजना गुंडाळण्याचा आदेश निघाला. वेधशाळेचा अंदाज मोबाइलवर अजूनही मिळतो. परंतु अंदाज म्हणजे सल्ला नव्हे. ‘जोरदार पावसाची शक्यता’ हे वाचून माझ्या वरच्या खाचराचं काय करू, ते कोण सांगणार? तापमापक घरात असला तरी डॉक्टर लागतोच ना?

आणि ती कुठे आहे?

आणखी एक गोष्ट तुम्हा-आम्हाला खटकावी अशी. बी निवडणं, आवणी, बेणणी, कापणी, बियाणं टिकवणं ही कामं बहुतांशी बाई करते. पण सातबारा बहुधा पुरुषाच्या नावावर, मोबाइल त्याच्या खिशात आणि सभेला खुर्चीवर बसलेलाही तोच. तो कामासाठी बाहेरगावी असेल तर निरोप पाड्यावर पोचतच नाही. ज्या हातांनी आवणी करायची, त्याच कानांना सल्ला मिळत नाही! म्हणून बचत गटाच्या बैठकीत, बायकांच्या सवडीच्या वेळी, त्यांच्या बोलीत सांगणारे सल्लागार जिथे भेटतात, तिथे सल्ला खरोखर शेतात उतरतो. तिची मान हलली की मग तो पक्का झाला.

तुम्ही काय कराल?

तुम्ही म्हणाल, आम्ही शहरात, आमचा काय संबंध? तर या काही साध्या गोष्टी.

तुमच्या सासरी-माहेरी शेती असेल, तर जाऊबाईंना, वहिनींना किसान कॉल सेंटरचा फुकट क्रमांक लिहून द्या: १८००-१८०-१५५१. मराठीतून विचारता येतं. त्यांच्या मोबाइलवर ‘मेघदूत’ आणि विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ही दोन्ही घालून द्या. भर शेतात असताना दामिनीची सूचना जीव वाचवू शकते.

भात खरेदी करताना गावठी, जिल्ह्यातल्या तांदळाची आवर्जून चौकशी करा. आपण मागितलं तर वाण टिकतात.

चिकू थोडा लहान, सालीवर डाग असलेला निघाला, तर नाक मुरडू नका. आतून चांगला असेल तर तो त्या वर्षीच्या पावसाचा डाग आहे, असं समजा.

आणि शेवटचं. मतं मागायला कोणी दारात आलं की आपण नळाचं पाणी, रस्ते, दिवे विचारतो. या वेळी आणखी एक विचारा, आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्याला हवामानाचा सल्ला देणारं माणूस नेमलंय का? आपल्या ताटातला भात त्या उत्तरावर अवलंबून आहे.